फ्रीझरच्या मागचा पत्रा

मेच्या शेवटच्या आठवड्यातला सोमवार होता. सकाळी आठच्या सुमारास मामीचा फोन आला. "येऊन फ्रीझर बंद करून दे."

"काय झालं? गार करत नाही का?"

"गार बरोबर करतो. बंद करायचाय."

मी अलिबाग तालुक्यात हॉटेलांचे फ्रीज, डीप फ्रीझर आणि बर्फाची मशीनं दुरुस्त करतो. बावीस वर्षं हेच काम. मांडवा, सासवणे, आवास, किहीम, थळ, नागाव, रेवदंडा या पट्ट्यात स्वयंपाकघर चालवणाऱ्या बहुतेकांकडे माझा नंबर आहे. मेच्या अखेरीस फ्रीझर बंद करायला बोलावणारे फोन मला नवे नाहीत. मुंबईच्या गेटवेहून येणाऱ्या छोट्या बोटी पावसाळ्यासाठी थांबतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे बरीच मंडळी चार महिने कुलूप लावून जातात. पण मामीने पावसाळ्यात खानावळ कधी बंद ठेवली नव्हती. तिचं गिऱ्हाईक बोटीने येणारं नव्हतंच.

मामी नात्याने माझी कोणी नाही. सगळेच तिला मामी म्हणतात. किहीम-आवास रस्त्याला पत्र्याची शेड, सहा टेबलं, बाहेर हात धुवायला पिंप. सतरा वर्षं ती तिथे जेवण घालत होती. साधं जेवण ८० रुपये. त्यात भात, आमटी, तांदळाच्या दोन भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि हंगामात आमचा पांढरा कांदा. मासळीचं ताट १८० ला, सुरमईचं ३५० ला. दुपारी बंगल्यांचे माळी, गवंडी, वायरमन, टेम्पोवाले यायचे. आणि ज्यांच्या बंगल्यांत ही माणसं राबतात ते मालकही शनिवारी तिथेच यायचे. एकाच बाकावर दोघं बसलेले मी कितीदा पाहिलेत.

पोचलो तेव्हा मामी फ्रीझरसमोर पाटावर बसून पुड्या काढत होती. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिने दोऱ्यांची खूण ठेवली होती. लाल दोरा सुरमईला, पांढरा कोलंबीला, निळा हलव्याला. प्रत्येक पुडी एका थराची, चपटी. हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. मासळीचा ढीग एकदम आत टाकला की मधला भाग गोठायला फार वेळ लागतो, बर्फाचे खडे मोठे होतात आणि ते मांस आतून फाडतात. मग तुकडा बाहेर काढला की पाणी सुटतं आणि कालवणात त्याचा भुगा होतो. चपटी पुडी पटकन गोठते. मोठमोठ्या हॉटेलांत शेफना हे सांगून मी थकलो. मामीने एकदा ऐकलं आणि कधी मोडलं नाही. आतला बर्फही तिने कधी सुरीने उकरला नाही. अर्ध्या फ्रीझरांच्या नळ्या त्या सुरीनेच फुटतात.

"झालं काय?" मी पुन्हा विचारलं.

जागा विकली गेली होती. सातबारा सामाईक, मामांचे चुलतभाऊ पुण्या-मुंबईला. रस्त्यालगतच्या गुंठ्याला आता जो भाव येतो तो ऐकून त्यांनी ठरवून टाकलं. मामीच्या वाट्याचे पैसे तिला मिळणार होते, कोणी फसवलं नव्हतं. पण त्या पैशात त्याच रस्त्याला दुसरी जागा मिळत नाही. भाड्याने बघितली तर अकरा महिन्यांचा करार आणि महिन्याचं भाडं इतकं, की ८० रुपयांचं ताट परवडायचंच नाही.

"दोनशे कर ताट," मी म्हणालो.

"दोनशेला माळी जेवंल?"

मी गप्प बसलो.

बाहेरच्या माणसाला आमच्याकडचा हा बदल पटकन कळत नाही. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या वाहून नेणारी बोट, सुरू झाली. वडखळमार्गे तीन तास लागायचे, तिथे माणूस गाडीसकट तासाभरात इकडे उतरू लागला. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू झाला. वाड्या गेल्या, कुंपणं आली, पोहण्याचे तलाव आले. त्यांच्यामागून हॉटेलं आली. माझं काम वाढलं आणि घर त्यावरच चालतं, त्यामुळे त्या हॉटेलांबद्दल माझ्या मनात राग नाही. पण बावीस वर्षांत मी फ्रीझर जितक्या ठिकाणी बसवले, जवळजवळ तितक्याच ठिकाणांहून ते परत उचलले आहेत. उचलताना कारण बहुतेक वेळा एकच असतं. गिऱ्हाईक दोन दिवस असतं आणि फ्रीझर सात दिवस चालतो. बुधवारी इथे कोण जेवणार, हा प्रश्न जागा घेण्याआधी कोणी विचारत नाही. मामीकडे बुधवार भरलेला असायचा.

तेवढ्यात साडेबारा झाले आणि माणसं येऊ लागली. मामीने कोणालाच आधी सांगितलं नव्हतं. फ्रीझरमध्ये होतं नव्हतं ते सगळं चुलीवर गेलं होतं. सुरमई, कोलंबी, आणि कोणासाठी तरी राखून ठेवलेला एक जिताडा. "जेवाला बस आधी, मग खोल काय ते," ती मला म्हणाली. त्या दिवशी सगळ्यांना एकच ताट होतं आणि पैसे ८० च घेतले. गवंडीकाम करणारी चार पोरं होती, त्यांनी ताटात सुरमई बघितली आणि एकमेकांकडे बघितलं. एकाने हळूच विचारलं, हे आपलंच ना? मामी म्हणाली, तुझंच आहे, जेव.

एक काका रोज येत नसत, पण सोमवारी हमखास यायचे. मुंबईहून निवृत्त होऊन नवरा-बायको इथेच स्थायिक झालेले, मोठा बंगला, मुलं परदेशात. सोमवारी त्यांच्या स्वयंपाकीणबाईंची सुट्टी असते आणि आजूबाजूची मोठी रेस्टॉरंटही नेमकी सोमवारीच बंद. शनिवार-रविवार राबलेल्या नोकरांना सुट्टी द्यावीच लागते. म्हणजे कोट्यवधींची घरं असलेल्या या वस्तीत सोमवारी दुपारी बसून जेवायला हीच एक पत्र्याची शेड होती. काकांना कळलं तेव्हा त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "मग आम्ही सोमवारी कुठे जायचं?" असं त्यांनी विचारलं. पलीकडच्या बाकावरचा माळी म्हणाला, "आम्ही रोज कुठे जायचं, काका?" त्या विचारण्यात टोमणा नव्हता. दोघांनाही उत्तर हवं होतं. मी मनातल्या मनात रस्ता डोळ्यांपुढे आणला. चोंढी नाक्यावर वडापाव आहे, संध्याकाळी चायनीजची गाडी लागते. भात-आमटी हवी तर दहा-बारा किलोमीटरवर अलिबाग. अर्ध्या तासाच्या सुट्टीत माणूस तिथे जाऊन येऊ शकत नाही.

जेवणं झाल्यावर मी फ्रीझर भिंतीपासून ओढला आणि मागचा पत्रा खोलला. सहा स्क्रू. माझी एक सवय आहे. नवा फ्रीझर बसवला किंवा त्यात गॅस भरला, की कॉम्प्रेसरच्या बाजूला पत्र्याच्या आतल्या अंगाला मार्करने तारीख लिहून ठेवायची. पुढच्या वेळी हिशेब लागतो. हा फ्रीझर मीच मामीला आणून दिला होता, जुना. पण त्याचा पत्रा मी वरपासून खालपर्यंत कधी वाचला नव्हता. नेहमी शेवटची ओळ बघून कामाला लागायचो.

मामी टॉर्च धरून शेजारी उभी राहिली. "काय लिवलंय एवढं?"

मी वाचून दाखवलं. सगळ्यात वर ११/२०१३, नागाव, नवा. समुद्राकडे तोंड असलेलं हॉटेल होतं ते, दोन भावांचं, दोन पावसाळे निघाले. खाली ५/२०१६, चोंढी, ढाबा. तो ढाबा दोन वर्षं चालला. मग २/२०१९, आवास, कॅफे. त्या कॅफेच्या बाई फार हौशी होत्या, स्वतः पाव भाजायच्या. टाळेबंदीत बंद पडला तो पुन्हा उघडला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा छत उडून हा फ्रीझर पत्र्यांखाली सापडला होता. त्याच वादळात मामीच्या शेडचा आणि तिच्या जुन्या फ्रीझरचाही चेंदा झाला. आमच्या वाडीत वीस-बावीस दिवस वीज नव्हती. नारळी-पोफळी आडव्या पडलेल्या. त्या पावसात मी हा फ्रीझर दुकानात आणला, रिले बदलला, गॅस भरला. चौथी ओळ ९/२०२०, किहीम, मामी. बाकी तिन्ही ठिकाणी तो दोन-तीन वर्षांवर टिकला नव्हता. मामीच्या नावाखाली मात्र तारखांची रांग होती, दर वर्षीच्या सर्व्हिसची.

ती बराच वेळ पत्र्याकडे बघत राहिली. तिला अक्षर लागत नाही, पण रांग दिसत होती.

"आजचं लिव," ती म्हणाली.

मी तारीख लिहिली आणि थांबलो. बंद असं लिहायला हात होईना. "सतरा वर्षं लिव," तिनेच सांगितलं. फ्रीझर तिच्याकडे तेवढी वर्षं नव्हता. तरी मी सतरा लिहिलं.

चारला मला दुसरीकडे जायचं होतं. आवासच्या बाजूला मोठं रेस्टॉरंट होतं, चौदा महिन्यांपूर्वी सुरू झालेलं. तेही बंद होत होतं, सामानाची किंमत काढायला बोलावलं होतं. मॅनेजर संगमेश्वरकडचा मुलगा, सत्तावीस-अठ्ठावीसचा. त्याने सगळं नीट दाखवलं. कोल्डरूम, तीन काउंटरखालचे फ्रीज, बर्फाची मशीन. "दादा, शनिवार-रविवार सत्तर-ऐंशी ताटं जायची," तो म्हणाला. "मंगळवार ते गुरुवार कधी सहा, कधी चार. आता तर बंगल्यांत लोक स्वतःचे स्वयंपाकी घेऊनच येतात." भाडं लाखांत, स्वयंपाकी मुंबईच्या पगारावर आणि पुढे चार महिने पावसाळा.

मी कोल्डरूमचं बाहेरचं युनिट उघडलं. कंडेन्सरच्या अॅल्युमिनिअमच्या फिना, म्हणजे पातळ पट्ट्या, बोट लावताच खारी बिस्किटासारख्या सुटून हातात आल्या. समुद्र तिथून दीडशे पावलांवर. खारी दमट हवा असते, तिथे तांब्याला चिकटलेलं अॅल्युमिनिअम पहिलं खाल्लं जातं. बसवताना मी सांगितलं होतं, कॉइलला लेप द्या आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. धुतलेलं दिसत नव्हतं. चौदा महिन्यांत इतकं भारी युनिट भंगाराच्या भावाला आलं.

आत शेवटचा माल होता. मी खोका उचलून बघितला. बासा. परदेशातून गोठवून येणाऱ्या तळ्यातल्या माशाचे पांढरे तुकडे. थळला, सासवण्याला होड्या लागतात, तिथली मासळी इतक्या जवळ असताना इथे हा खोका मुंबईहून रो-रोने येत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. मॅनेजरला मी काही बोललो नाही, माल मागवणं त्याच्या हातात नव्हतं. ते मुख्य ऑफिसातून ठरायचं.

निघताना त्याने विचारलं, "दादा, इथे रात्री पोरांना जेवायला कुठे नेऊ? सिलिंडर सकाळीच परत गेले. अकरा जण आहेत." माझ्या तोंडात मामीचं नाव आलंच होतं. मग त्याला चोंढी नाक्याचा रस्ता सांगितला.

अंधार पडल्यावर टेम्पो घेऊन परत मामीकडे गेलो. शेडमधली टेबलं गेली होती. फ्रीझर तिने आतून पुसून, झाकणाखाली एक लाकडी ढलपी घालून किंचित उघडा ठेवला होता. झाकण बंद राहिलं तर आत वास धरतो. हे मी तिला कधी सांगितलेलं मला आठवत नाही. मी नऊ हजार पुढे केले. तिने मोजले नाहीत, तसेच पदराला बांधले. म्हणाली, चांगल्या ठिकाणी दे.

त्याला आता सात महिने झाले. मामी घरून डबे करते, वीसेक. पण तिचं घर रस्त्यापासून बरंच आत वाडीत आहे, पोचवायला माणूस मिळत नाही. काका-काकूंचा डबा त्यांचा माळी घेऊन जातो आणि सोबत स्वतःचाही. गवंड्यांची पोरं कुठे जेवतात ते मला ठाऊक नाही. शेडच्या जागी कुंपण झालंय, आत अजून काही बांधलेलं नाही. मोठ्या रेस्टॉरंटच्या जागेत दुसरं रेस्टॉरंट आलं. कोल्डरूम मीच बसवली, आणि या वेळी कॉइलला लेप दिल्याशिवाय वीज जोडू दिली नाही.

मामीचा फ्रीझर माझ्या दुकानात आहे. तीन गिऱ्हाइकं येऊन बघून गेली. एकाला आइस्क्रीमसाठी हवा होता, दोघांना नव्या कॅफेसाठी. मी प्रत्येकाला जागा कुठे आहे ते विचारलं, भाडं किती ते विचारलं आणि बुधवारी कोण येणार तेही विचारलं. अजून दिलेला नाही. कॉम्प्रेसर नुसता पडून राहिला की आमच्या हवेत जाम होतो, म्हणून पंधरा दिवसांतून एकदा तासभर चालू करतो. परवा केला तेव्हा तासाभरात उणे अठराला गेला.