अठ्ठेचाळीस चौकटी आणि चार काठ

धाकट्या मुलीला वसतिगृहावर न्यायला गोधडी हवी होती आणि ती मी मशीनवर, मोजून-मापून शिवायची असे ठरवले. सासूबाईंच्या हातच्या गोधड्या आमच्या घरात पुष्कळ आहेत, पण त्यांची रीत वेगळी आहे: खाली जुने लुगडे अंथरायचे, त्यावर तुकडे मांडायचे आणि कडेपासून आत आत येत धावदोरा घालायचा. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंदी नावाची गोधडीही अशीच काठाकडून मध्याकडे शिवत नेतात. या रीतीत काठ आधी ठरतो आणि मधल्या तुकड्यांनी त्याच्यात सामावून जायचे असते. माझ्या गोधडीत नेमके उलटे होते. मधला भाग आधी पूर्ण करून काठ शेवटी जोडायचा होता, त्यामुळे मधल्या भागातली प्रत्येक चूक काठापाशी येऊन थांबली.

कागदावरचा हिशेब सोपा होता. 3 इंची नऊ तुकड्यांची एक चौकट, म्हणजे ती 9 इंचांची. रुंदीला 6 आणि लांबीला 8 अशा 48 चौकटी जोडल्या की मधला भाग 54 बाय 72 इंचांचा होणार होता. त्याभोवती दीड इंचाची साधी लाल पट्टी लावली की 57 बाय 75 होतात, आणि या दोन्ही आकड्यांना 3 ने भाग जात असल्यामुळे बाहेरचा काठ पुन्हा 3 इंची चौकोनांचा, बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक गडद आणि फिका करता येणार होता. शिवणीला दोन्ही बाजूंनी पाव इंच माया सोडून मी तुकडे साडेतीन इंचांचे कापले होते. कापड जुन्या सुती साड्यांचे होते, म्हणजे ते आटण्याची भीती नव्हती.

लाल पट्टी लावताना मी तीच चूक केली जी घाईत असलेला कोणीही करतो. मीटरभर नवे लाल कापड आणले होते, ते आडव्या धाग्याने कापून तुकडे जोडून लांबलचक पट्टी केली, ती न मोजताच गोधडीच्या डाव्या कडेला वरच्या टोकापासून शिवत गेले आणि खाली उरलेले टोक कात्रीने उडवले. उजव्या बाजूलाही तेच केले. नंतर गोधडी जमिनीवर पसरली तर मधला भाग सपाट होता आणि दोन्ही कडांना परकराच्या झालरीसारखा झोळ आला होता. इस्त्रीने तो बसेल असे वाटून मी वाफ दिली, तेव्हा पट्टी आणखी लांबली.

सासूबाई शेजारी बसून पाहत होत्या. मी टेप घेऊन कडेने मोजायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, मधनं मोज की. कडंनं काय मोजतीस, कडा ताणल्यात सगळ्या.” त्यांनी आयुष्यात काठासाठी टेप वापरलेला नाही, पण हात फिरवून त्यांना जे कळले ते मला टेप हातात असून कळले नव्हते. मधल्या भागातली प्रत्येक चौकट चारही बाजूंनी शिवणींनी धरलेली असते. कडेच्या तुकड्यांची बाहेरची बाजू मात्र मोकळी असते, आणि उचल-ठेव, इस्त्री, घडी या सगळ्यांत ती ताणत जाते.

दोन्ही पट्ट्या उसवल्या आणि सगळे पुन्हा मोजले. शिंपी आणि सुतार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, त्या हिशेबाने डावी कड 71 इंच 6 सूत, उजवी 71 इंच 4 सूत आणि मध्यावर 71 इंच भरले. उसवलेली डावी पट्टी 72 इंच 3 सूत होती, म्हणजे झोळ का आला हे वेगळे सांगायला नको. पण खरा धक्का मधल्या आकड्याने दिला, कारण बाहेरची माया धरून तिथे साडेबाहत्तर इंच यायला हवे होते. दीड इंच कुठे गेला?

तो शिवणींनी खाल्ला होता. मशीनच्या पायाची कड पाव इंचावर असते असे मी धरून चालले होते, प्रत्यक्षात माझ्या मशीनवर ती किंचित बाहेर होती. शिवाय शिवण इस्त्रीने एका बाजूला मोडली की त्या मोडीतही एकदोन धागे जातात. मिळून प्रत्येक शिवणीत अर्धा सूत जास्त जात होता. लांबीला 24 तुकडे आणि 23 शिवणी, म्हणजे साडेअकरा सूत, साधारण दीड इंच. रुंदीला 17 शिवणी होत्या, तिथे साडेचोपन्नऐवजी साडेत्रेपन्न भरले. अर्धा सूत डोळ्याला दिसत नाही आणि एका चौकटीत त्याने काही बिघडतही नाही. 48 चौकटी मी एकमेकींशी छान जुळवल्या, कारण सगळ्या सारख्याच चुकल्या होत्या.

एवढ्या शिवणी उसवणे मला शक्य नव्हते. मग चूक तशीच ठेवून लाल पट्टीची रुंदी बदलायची असे ठरवले. माया वजा जाता मधला भाग 53 बाय 70.5 इंचांचा होता. बाहेरच्या चौकोनी काठासाठी 57 बाय 75 हवेच होते. रुंदीत 4 इंच कमी, म्हणजे डाव्या-उजव्या पट्ट्या 2 इंचांच्या. लांबीत साडेचार इंच कमी, म्हणजे वरच्या-खालच्या पट्ट्या सव्वादोन इंचांच्या. पाव इंचाचा हा फरक सांगितल्याशिवाय कोणाच्या लक्षात येत नाही, आणि खरे सांगायचे तर दीड इंचाच्या पट्टीपेक्षा ही रुंद पट्टीच जास्त शोभली.

या वेळी 2 मीटर लाल कापड आणले, रात्रभर पाण्यात भिजवून वाळवले आणि पट्ट्या उभ्या धाग्याने कापल्या. उभा धागा आडव्यापेक्षा कमी ताणतो, आणि पट्टी अखंड निघाल्यामुळे मधला जोडही टळला. बाजूच्या दोन्ही पट्ट्या मी बरोबर 71 इंचांच्या कापल्या. तीन ठिकाणी मोजून सरासरी काढावी असाही सल्ला देतात, पण कडा ताणल्या आहेत हे दिसत असताना त्यांचे माप सरासरीत घेणे मला पटत नाही. पट्टी आणि गोधडीची कड दोन्ही आधी निम्म्यात, मग पावात, मग आठव्या भागात दुमडून खुणा केल्या, खुणेला खूण टाचणीने जोडली आणि मधल्या जागेतही टाचण्या लावल्या. डाव्या कडेचे जास्तीचे 6 सूत असे पूर्ण लांबीत विखुरले गेले. शिवताना गोधडी खाली आणि पट्टी वर ठेवली, कारण मशीनचे दाते खालचा थर जास्त ओढून घेतात आणि जो थर मोठा आहे तो खाली असला की चुण्या पडत नाहीत. बाजू झाल्यावर मध्यातून रुंदी पुन्हा मोजली, साडेसत्तावन्न आली, आणि तेवढ्याच लांबीच्या वरच्या-खालच्या पट्ट्या कापल्या.

चौकोनी काठाला हात लावण्याआधी मशीन तपासले. दीड इंची तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवून इस्त्री केली की मधली पट्टी नेमकी 1 इंच दिसायला हवी; माझी अर्थातच कमी भरली. पाव इंचावर कागदी चिकटपट्टी लावून दोनदा सरकवल्यावर ती जुळली. तरीही 25 चौकोनांची पहिली पट्टी साडेपंच्याहत्तरऐवजी 75 इंच 7 सूत निघाली, या वेळी माया कमी पडली होती. जास्तीचे 3 सूत टोकाला कापले असते तर कोपऱ्यातला चौकोन उघडपणे अरुंद दिसला असता. म्हणून सहा शिवणी निवडल्या, प्रत्येकीच्या आत एकदोन धाग्यांच्या अंतराने दुसरी शिवण घातली, आणि प्रत्येकीत अर्धा अर्धा सूत जिरवला. दुसरी लांब पट्टी लगेच बरोबर आली. आखूड पट्ट्या 19 चौकोनांच्या आणि दोन कोपरे धरून 21 च्या. लांब पट्ट्यांच्या टोकांना गडद चौकोन आणि आखूड पट्ट्यांच्या टोकांना फिका ठेवल्यामुळे चारही कोपऱ्यांवर रंगांचा क्रम तुटला नाही.

अस्तर आणि आतला थर घालून धावदोरा मात्र सासूबाईंनी आणि मी हातानेच घातला, कडेपासून आत. गोधडी 63 बाय 81 इंचांची झाली. बाहेरचा गोट लावायला सुमारे 300 इंच पट्टी लागते. उसवून ठेवलेल्या 2 इंची पट्ट्या दुमडून त्यातला निम्मा गोट निघाला आणि उरलेला नव्या कापडातून काढला. जुन्या पट्ट्यांना आधी भिजवलेले नव्हते, त्यामुळे पहिल्या धुण्यात डाव्या बाजूचा गोट थोडा आटला आहे आणि ती कड आता आतल्या बाजूला किंचित वळते.