प्रकल्पवहीतला भगत

पर्यावरण हा विषय कनिष्ठ महाविद्यालयात ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या गळ्यात पडतो. मी मूळचा भूगोलाचा, जव्हारच्या बाजूला. प्रकल्प हातानेच लिहायचा हा आमचा नियम, म्हणून मुलं मोबाईल समोर ठेवून चॅटजीपीटीचा मजकूर शाईने उतरवतात. शीर्षकाच्या दोन्ही अंगांना ठळक अक्षरांसाठी येणाऱ्या दोन-दोन चांदण्या, त्याही नीट काढलेल्या. 'ही केवळ समस्या नसून आव्हान आहे' हे प्लॅस्टिकपासून वणव्यापर्यंत प्रत्येक वहीत. एकाने तर 'याची सारणी करून देऊ का?' हेही सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, आणि त्याखाली माझ्याच एका सहकाऱ्याची 'तपासले' म्हणून सही.

इंग्रजीच्या सरांचा एआयचा मजकूर ओळखणाऱ्या डिटेक्टरवर फार भरवसा. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने असलं स्वतःचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतलं, आणि तेही इंग्रजीपुरतंच वापरा असं सांगितलेलं होतं. शाईतल्या मराठीचं काय घेऊन बसलात? शिवाय सरांची टाचणं हल्ली कोण लिहितं हे सगळ्या स्टाफरूमला ठाऊक आहे. तयार प्रकल्प तर त्याआधीही झेरॉक्सच्या दुकानात मिळायचेच.

यंदा 'सर्पदंश : समज-गैरसमज' ही वही आली. चोख. नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आवळून बांधू नका, कापू नका, 108 ला फोन करा. पाड्यातल्या 50 कुटुंबांचं सर्वेक्षण, 64 टक्के भगताकडे जातात. पाडा माझ्या पाहण्यातला. तिथे पन्नास उंबरे नाहीतच.

तोंडीला मुलीला विचारलं, "तुझ्या घरी कुणाला साप चावला तर कुठे नेशील?"

"भगताकडे."

"वहीत दवाखाना लिहिलायस."

"ते वहीत आहे, सर. माझ्या काकाचं विष भगतानेच उतरवलं. खरं लिहिलं असतं तर मार्क दिले असते का तुम्ही?"

मी म्हटलं, घरोघर जा, विचार, ऐकशील ते लिही. मार्कांचं मग बोलू.

दुसरी वही वाचायला मला संध्याकाळ लागली. फोनला रेंज फक्त टेकाडावर. रात्री गाडी मिळत नाही. भगत ओढ्यापलीकडे राहतो. माणूस बरा झाला तरच नारळ आणि कोंबडा घेतो. सहा जणांना साप चावलेला, पाच जण भगताकडे जाऊन वाचले. सहावी एक बाई, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत जमिनीवर झोपलेली. 'सकाळी डोळे उघडेनात. भगत म्हणाला उशिरा आणलं.' वाचताक्षणी मण्यार डोळ्यांपुढे आली. तिचा दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पापण्या मिटू लागतात आणि मग श्वास. काकाचा साप मात्र लांब, पिवळट, कणगीजवळ उंदरांमागे येणारा. बहुधा धामण. बिनविषारी. विषारी सापही पुष्कळदा विष न सोडता चावतो. भगताला यश येतं ते यातून, हे तिच्यासोबत वही उघडून बोललो. पहिल्या वहीवर असं बोलण्यासारखं काहीच नव्हतं, तिथे सगळं आधीच बरोबर होतं.

पेच निष्कर्षाचा. तिने लिहिलं होतं : 'आधी भगत, मग दवाखाना.' पहिल्या वहीतला निष्कर्ष योग्य, पण वेळ आली असती तर ती तसं वागली नसती. हा निष्कर्ष ती खरोखर पाळेल, आणि त्यात माणूस मरेल. समासात लाल शाईने लिहिलं : 'आणि मधल्या वेळात ती बाई?'

दुसऱ्या दिवशी बदलून आणलं : 'लगेच गाडी बोलवावी आणि भगताला गाडीत सोबत घ्यावे.'

मी पैकीच्या पैकी दिले. जीवशास्त्राच्या मॅडम भडकल्या, अंधश्रद्धेला गुण देता? जादूटोणाविरोधी कायद्याची आठवणही करून दिली. मी म्हटलं, 2013 च्या त्या कायद्यात गुन्हा आहे तो साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करण्याचा. दवाखान्याच्या वाटेवर गाडीत मंत्र पुटपुटण्याचा नाही. त्यांना पटलं नाही. पहिली वही मात्र त्यांच्या मते पूर्ण गुणांची! प्राचार्यांनी दोन्ही वह्या ठेवून घेतल्यात आणि एआयची नियमावली लिहायचं काम माझ्यावर टाकलंय. त्यात या दोन वह्या कशा बसवायच्या ते मला अजून सुचलेलं नाही.

मुलगी परवा भेटली. काकाच्या सापाचं पटलं म्हणाली, बाकीचं बघू. "भगताला विचारलं सर, गाडीत येशील का. म्हणाला येतो की, रात्रीची गाडी आणून तर दाखवा."