मॉडेल बोटीची मोटर किती करंट खाते: माझा अनुभव

माझी टगबोट हिशेबापेक्षा फार लवकर दमायची. १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी, ब्रशवाली मोटर, तीन पात्यांचा ५० मिमीचा प्रोपेलर. बाहेर काढली की मोटरला हात लावणं कठीण. अंदाजाने मोटर बदलण्याआधी करंट मोजायचं ठरवलं.

सुरुवात मल्टिमीटरने केली. करंटसाठी तो सर्किट तोडून मधे लावावा लागतो, आणि तोही १० ॲम्पिअरच्या भोकात वायर घालून. माझ्या मीटरवर त्या भोकापाशी जास्तीत जास्त १० सेकंद असं छापलंय, आणि बऱ्याच स्वस्त मीटरांत तिथे फ्यूजही नसतो. (काम झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत. ती तिथेच ठेवून कुणी बॅटरीचे व्होल्ट बघायला गेलं तर सरळ शॉर्ट.) थोड्या करंटला मात्र हा मीटर पुरतो. नुसती मोटर फिरवली तर ०.७ ॲम्पिअर. शाफ्ट (मोटरपासून प्रोपेलरपर्यंतचा दांडा) जोडला, प्रोपेलर न लावता, तर १.७! म्हणजे पाण्याला हात लावायच्या आधीच एक अख्खा ॲम्पिअर घर्षणात जात होता. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत नव्हते. मोटरखाली पातळ पट्ट्या सरकवून, मीटरकडे बघत बघत रेषा जुळवली, शाफ्टच्या नळीत नवं ग्रीस भरलं. आकडा ०.९ वर आला. डोळ्यांना सरळ दिसणारा शाफ्ट सरळ असतोच असं नाही. इथे डोळ्यांपेक्षा मीटरवर माझा जास्त विश्वास बसला.

मग पाणी. प्रोपेलर हवेत फिरवून मिळणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही, हवेत त्याला भारच नसतो. बोट टबमध्ये घट्ट बांधून पूर्ण थ्रॉटल दिला. इतक्या करंटला मल्टिमीटर मधे घातला की त्याच्या बारीक वायरी स्वतःच व्होल्ट खातात. सगळा मिळून ०.१ ओहम रोध धरला तरी ६ ॲम्पिअरला ०.६ व्होल्ट गेले, म्हणजे मोटरला कमी मिळणार आणि आकडाही कमी दिसणार. म्हणून ५० ॲम्पिअर–७५ मिलिव्होल्टचा शंट, म्हणजे ठरावीक आणि अगदी कमी रोधाचा तुकडा, मधे लावला. त्याचा रोध फक्त १.५ मिलिओहम, त्याच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजायचे आणि १.५ ने भागायचं. मीटरवर ९.२ दिसले, म्हणजे ६.१ ॲम्पिअर.

इथे बॅटरीचं कोडंही सुटलं. ७ ॲम्पिअर-अवर हा आकडा २० तासांत सावकाश रिकामी करण्यासाठीचा, म्हणजे अवघ्या ०.३५ ॲम्पिअरला. तासाभरात उपसायची म्हटलं तर अशा बॅटरीतून चार-साडेचार ॲम्पिअर-अवरच निघतात.

मोटर अर्ध्या थ्रॉटललाही का तापते, हे बघायला क्लॅम्प मीटर (सर्किट न तोडता वायरीभोवती चिमट्यासारखा बसणारा) वापरला. तो डीसी मोजणारा हवा. फक्त एसीवाला अशा वायरीवर खरा आकडा दाखवत नाही. शिवाय दर वेळी आधी शून्य करून घ्यायचा. बॅटरीच्या वायरीवर साधारण २ ॲम्पिअर होते, मोटरच्या वायरीवर जवळपास ४. स्पीड कंट्रोलर बॅटरी झपाझप चालू-बंद करतो, पण बंद असण्याच्या क्षणीही मोटरच्या गुंडाळीतला करंट फिरत राहतो. थोडक्यात, बोट किती वेळ चालेल ते बॅटरीची वायर सांगते आणि मोटर किती तापेल ते मोटरची.

मोटर तशीच ठेवून ४५ मिमीचा प्रोपेलर बसवला. फेरे तेवढेच राहिले तर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते, म्हणजे ५ मिमीने जवळपास ४० टक्के कमी. प्रत्यक्षात भार घटल्यावर फेरे थोडे वाढतात, त्यामुळे बांधलेल्या बोटीत ६.१ वरून ४.६ वर आलो. तळ्यात कमाल आकडा लक्षात ठेवणारा वॉटमीटर आत ठेवून सोडली. सुटताना क्षणभर मोठी उसळी, मग स्थिर वेगाला ३.८; बोट पुढे सरकत असते तेव्हा पात्यांवरचा भार उतरतो. बांधलेल्या बोटीचा आकडा म्हणूनच वाईटात वाईट धरावा.

टगचा वेग किंचित घटला, पण टगला कुठे शर्यत लावायची आहे? शेवटी ७.५ ॲम्पिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाला अगदी चिकटून बसवला. शेवाळ गुंडाळून प्रोपेलर अडकला तर मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, आणि तेव्हा वायरीआधी फ्यूज जायला हवा.