कर्णधार कोण?

"कर्णधार कोण आहे गं आपली?" आईने विचारलं, आणि मला सांगता आलं नाही.

सकाळी सात वाजता टीव्ही लावला होता. २०२३ची आशियाई स्पर्धा, चीनमधलं हांगझोऊ, महिला कबड्डीची फायनल, समोर चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. याच संघाने साखळीत आपल्याला ३४-३४ असं बरोबरीत रोखलं होतं. आई भाजी निवडायची सोडून सोफ्याच्या कडेला येऊन बसलेली. शाळेत असताना कबड्डी खेळायची ती. प्रत्येक चढाईला तिचाच श्वास अडकत होता.

२६-२५. एका गुणाने सुवर्ण! २०१८ला इराणकडून हुकलेलं परत आलं. आईने डोळे पुसले.

याच सुवर्णाने त्या आशियाई स्पर्धेत भारताची शंभर पदकं पूर्ण झाली. दिवसभर प्रत्येक ग्रुपवर तेच, शंभर, शंभर. अभिमान मलाही आहे, खूप आहे. पण त्या शेकडो मेसेजमध्ये एकाही मुलीचं नाव दिसलं नाही.

रितू नेगी. हिमाचलची. संध्याकाळी शोधून आईला सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं.

तुम्हाला यातल्या किती जणींची नावं माहीत आहेत?