आमची वाटचाल: डक्टपासून हीट रिकव्हरीपर्यंत

सुरुवातीला आमचं काम हवा वाहून नेणारे डक्ट आणि पंख्यांपुरतंच होतं. मोठ्या इमारतीत हवा गरम करायला खर्च करायचा आणि तीच हवा छतावरून सोडून द्यायची, हे प्रत्येक साइटवर दिसायचं. ताशी 10,000 घनमीटर हवेचं तापमान एक अंशाने वाढवायला साधारण 3.35 किलोवॉट लागतात. आत 22 अंश, बाहेर 2, म्हणजे 67 किलोवॉट एक्झॉस्टबरोबर, बाहेर सोडलेल्या हवेबरोबर, गेले. हीट रिकव्हरीने, म्हणजे ही उष्णता ताज्या हवेला देऊन, त्यातले 75 टक्के परत आले तर 50 किलोवॉट हाती राहतात.

पहिल्यांदा आम्ही जोड-कॉइल बसवू लागलो. एक कॉइल (पाण्याच्या नळ्यांचं वेटोळं) एक्झॉस्टमध्ये, एक ताज्या हवेत, मध्ये पंप आणि गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळलेलं पाणी. निम्मीच उष्णता परत येते, पण दोन्ही हवा एकमेकींना शिवत नाहीत. प्रयोगशाळा आणि विलगीकरण कक्षांना आम्ही आजही हेच सुचवतो. मोठा पंप लावला की काम जास्त होतं, हा मात्र भ्रम. वर सांगितलेल्या 10,000 घनमीटर हवेला ताशी 3,000 लिटरच्या आसपास पाणी पुरतं, ग्लायकॉलमुळे थोडं जास्त. दुप्पट फिरवलं की पाणी दोन्हीकडे जवळपास एकाच तापमानाला राहतं आणि उष्णता कमी पोचते.

पुढे फिरती चाकं आली: एक्झॉस्टमध्ये तापायचं आणि फिरून ताज्या हवेला ती उष्णता द्यायची. मिनिटाला 10 ते 20 फेरे, परतावा 75 टक्क्यांच्या वर. इथे पंख्यांची जागा निर्णायक ठरते. चाकापाशी ताज्या हवेचा दाब एक्झॉस्टपेक्षा जास्त हवा, नाहीतर वापरलेली हवा सीलमधून पुन्हा आत शिरते. एक्झॉस्टच्या बाजूचा फिल्टर खर्च वाचवायला वगळतात. मग चाकाच्या बारीक पन्हळी धुळीने बुजतात.

सगळ्यात फसवा बिघाड म्हणजे सैल पट्टा. मोटर फिरते, पॅनेलवर हिरवा दिवा, चाक मात्र जागच्या जागी. तक्रार येत नाही, कारण पुढचा हीटर सगळी तूट भरून काढतो. म्हणून चाकाच्या कडेला फेरे मोजणारा सेन्सर आम्ही सक्तीचा केला.

बायपास डँपर, म्हणजे हवेला चाकाला वळसा घालू देणारी झडप, हीही आम्ही वगळत नाही. चाकाचा दर बाजूला 200 पास्कलचा अडथळा धरला तर त्याच 10,000 घनमीटर हवेसाठी पंखे मिळून जवळजवळ 2 किलोवॉट जास्त खातात. आतबाहेर फरक नसताना ते फुकट जातात.

आता काम सोपवताना चारही तापमानं (दोन्ही हवांची, उपकरणाच्या आधीची आणि नंतरची) आणि दोन्ही बाजूंचा प्रवाह मोजून देतो. नुसत्या तापमानांवर भरवसा नाही: ताज्या हवेचा प्रवाह एक्झॉस्टपेक्षा कमी असला की परताव्याची टक्केवारी उगाच छान दिसते.