चिंध्या कुठे ठेवल्या म्हणाला?

मागच्या बुधवारी आमच्या घरगुती प्रार्थनेत बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकाचा 38 वा अध्याय वाचायची पाळी माझ्यावर आली. आठ-दहा माणसं, खाली सतरंजी, पंखा फुल स्पीडला, खिडकीतून नाशिकच्या शरणपूर रोडच्या हॉर्नचा आवाज, सगळं नेहमीसारखंच. वाचत वाचत बाराव्या वचनापर्यंत आलो आणि आमच्या मंडळीतले एक काका, जे शेवटच्या आमेनपर्यंत सहसा एक शब्द बोलत नाहीत, ते मध्येच म्हणाले, "थांब रे बाळा, परत वाच. चिंध्या कुठे ठेवल्या म्हणाला तो?"

मी परत वाचलं. काखेत, दोरांच्या खाली.

"मग या माणसानं कुणाला तरी विहिरीतून वर काढलेलं आहे," काका म्हणाले. "नुसतं ऐकून हे सुचत नाही."

काकांचं सगळं आयुष्य सिन्नर-निफाडकडे विहिरींच्या कामावर गेलं, यारी मशीन आली नव्हती तेव्हापासून. उन्हाळ्यात गाळ काढायला दोराला बांधून खाली सोडायचे. ते सांगत होते की कोरड्या विहिरीतून माणूस ओढणं वेगळं आणि गाळात रुतलेला माणूस ओढणं वेगळं, कारण गाळ सोडत नाही, तुम्ही वरून ओढता, तो खालून धरून ठेवतो, आणि सगळा ताण येतो काखेत. ओला दोर कातडी सोलून काढतो. बोलता बोलता त्यांनी शर्टाची वरची बटणं काढून खांदा उघडा केला, काखेच्या पुढच्या बाजूला बोटभर रुंद पट्टा, तिथली कातडी अजून गुळगुळीत आणि फिकी आहे. "आम्हाला कुणी चिंध्या दिल्या नव्हत्या," एवढंच म्हणाले आणि बटणं लावून टाकली.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला, शहरातली भाकरी संपत आलेली, आणि यिर्मया संदेष्टा उघड उघड सांगतोय की हे शहर पडणार, जो बाहेर निघून खास्द्यांकडे, म्हणजे त्या बाबेलवाल्यांकडे जाईल तोच जगेल. सरदारांना वाटलं हा सैनिकांचा धीर खचवतोय, याला मारलाच पाहिजे. सिद्कीया राजा म्हणाला तो तुमच्या हातात आहे, तुमच्यापुढे माझं काही चालत नाही. मग त्यांनी यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकातल्या एका टाक्यात दोरांनी खाली सोडला, पाणी नव्हतं, नुसता चिखल, आणि तो चिखलात रुतला.

आता इथे एबद-मलेख येतो. कूशी माणूस, म्हणजे मिसरच्या दक्षिणेचा, आजचा सुदान येतो साधारण त्या भागातला. राजवाड्यातला खोजा, म्हणजे खच्ची केलेला सेवक. परका, काळा, नोकर माणूस. राजा बन्यामीन वेशीत बसलेला असतो, हा तिथे भर लोकांत जाऊन राजाला सांगतो की या माणसांनी वाईट केलंय, तो तिथे उपाशी मरेल. राजा म्हणतो माणसं घे आणि काढ त्याला. आणि मग तो दोर घेऊन धावत सुटत नाही, आधी राजवाड्यात खजिन्याच्या खालच्या खोलीत जातो आणि जुने फाटके कपडे, चिंध्या गोळा करतो. त्या दोरांनी टाक्यात सोडतो आणि वरून ओरडून सांगतो की या काखेत घाल, वर दोर घे. यिर्मया तसं करतो, मग ओढतात.

मी हा अध्याय लहानपणापासून कितीतरी वेळा ऐकलाय, संडे स्कूलमध्ये चित्रही काढलंय, पण चिंध्यांपाशी कधी थांबलो नव्हतो. संदेशात नेहमी "धैर्य" येतं, एबद-मलेखचं धैर्य, आणि ते खरंच आहे. पण लिहिणाऱ्याने चिंध्या कुठल्या खोलीतून आणल्या हेसुद्धा लिहून ठेवलंय. ज्या पुस्तकात कितीतरी राजे दोन ओळीत आटोपले त्यात खजिन्याखालच्या जुन्या कपड्यांना जागा मिळाली. मला वाटतं हे यिर्मयाच्या अंगाला आठवत राहिलं असणार.

त्याच्या नावाचं पण एक आहे. एबद-मलेख म्हणजे हिब्रूत राजाचा दास. एबद म्हणजे दास, अब्दुल मधलं अब्द तेच, आणि मलेख म्हणजे राजा, आपल्याकडे अरबीतून आलेले मालक आणि मुलूख त्याच धातूचे. म्हणजे हे त्याचं घरचं नाव होतं की कामाचं, कोण जाणे. आईने त्याला कूशात काय हाक मारली असेल ते कुठे लिहिलेलं नाही.

बायबलमधल्या छोट्या माणसांबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी मनापासून मांडतोय. आपण त्यांना फार लवकर चिन्ह करून टाकतो. शिमोन कुरेनेकराचं बघा. दरवर्षी उत्तम शुक्रवारी ऐकतो की शिमोनाने प्रेमाने येशूचा क्रूस उचलला, आपणही उचलूया. पण वचन काय म्हणतं? तो रानातून येत होता, वाटेने चालला होता, आणि शिपायांनी त्याला वेठीस धरलं. आपल्या मराठी बायबलमध्ये वेठ हाच शब्द आहे, आणि डोंगरावरच्या प्रवचनात जिथे येशू म्हणतो की कोणी वेठीस धरून एक कोस नेलं तर दोन कोस जा, तिथेही तोच, मूळ ग्रीकमध्येसुद्धा दोन्हीकडे एकच क्रियापद आहे. आमच्या पणजोबांच्या पिढीला वेठ समजावून सांगावी लागत नव्हती. गावकीची कामं, सांगावा घेऊन पळणं, मेलेली जनावरं ओढणं, नाही म्हणायची सोयच नव्हती. त्या माणसांनी जेव्हा पहिल्यांदा हे वचन ऐकलं असेल तेव्हा त्यांना शिमोन लगेच ओळखू आला असणार, आपल्यातलाच म्हणून. प्रेमाने उचलला म्हटलं की तो त्यांच्या हातातून निसटतो.

नाशिकरोडची माझी कॅथलिक मैत्रीण म्हणते की त्यांच्या क्रुसाच्या वाटेत, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरचे प्रसंग एकेक थांबून आठवण्याच्या प्रार्थनेत, पाचव्या स्थानी शिमोन आणि सहाव्या स्थानी येशूचं तोंड पुसणारी वेरोनिका. वेरोनिका आमच्या बायबलात नाही, ती परंपरेतून आलेली, आणि आमच्याकडचे काही लोक लगेच म्हणतात हे वचनात कुठंय. नाहीये, बरोबर आहे. पण ज्या लोकांना घामेजलेल्या तोंडावर एक फडकं हवंसं वाटलं त्यांच्यावर मला रागावता येत नाही.

शिमोन लिब्याच्या किनाऱ्यावरच्या कुरेनेचा, एबद-मलेख कूशचा, दोघेही आफ्रिकेकडचे. हे मला आमच्या शरणपुरामुळे जास्त जाणवतं. 1854 मध्ये मिशनरी विल्यम प्राइस यांनी ही वस्ती बसवली, नावच शरण आलेल्यांचं गाव. नंतर इंग्रजांच्या आरमाराने अरबांच्या गुलामवाहू जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली गेली, नाशिकच्या मिशन शाळेत शिकली. त्यातला एक जेकब वेनराइट. 1873 च्या मे महिन्यात आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले तेव्हा हा तिथे होता, अंत्यविधीचं वाचन त्यानेच केलं, झाडावर नाव कोरलं, आणि मग लिव्हिंग्स्टनचे सोबती सुसी, चुमा आणि बाकीच्यांनी ते शव उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून शेकडो मैल समुद्रापर्यंत वाहून नेलं. 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीचं कापड धरणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा जेकब होता. लिव्हिंग्स्टन शाळेच्या पुस्तकात आहेत. जेकबचं नाव शरणपुरात किती जणांना माहीत आहे, विचारून बघा.

शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कने मात्र एक गोष्ट केली. शिमोनाचं नाव सांगून तो थांबला नाही, आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप असं लिहिलं, मत्तय आणि लूक या बाकीच्या शुभवर्तमानकारांनी हे लिहिलेलं नाही. म्हणजे वाचणाऱ्यांना ती पोरं माहीत होती. पुढे रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात प्रेषित पौल पंचवीसच्या वर नावं घेऊन सलाम सांगतो, त्यात एक रूफ येतो आणि त्याची आई, जी माझीही आई आहे असं पौल म्हणतो. हाच तो रूफ असं पत्रात लिहिलेलं नाही, पण बरेच विश्वासणारे तसं मानतात आणि मीही मानतो. वेठीला धरलेल्या माणसाच्या घरात पौलाला कुणीतरी जेवू घातलं असेल. आपल्याकडे तो अध्याय वाचताना लोक नावांवरून उडी मारतात, उच्चार अवघड म्हणून. मी यापुढे मारणार नाही.

तर बुधवारी, प्रार्थना संपली, चहा आला, सगळे गप्पांना लागले. काका कप हातात घेऊन माझ्याजवळ सरकले आणि हळूच विचारलं, "शहर पडलं ना शेवटी? मग तो चिंध्यावाला? त्याचं काय झालं?"

मी पान उलटलं. 39 वा अध्याय, शहर पडतं, सिद्कीयाचे डोळे काढतात, राजवाडा जाळतात, आणि मग शेवटच्या चार वचनांत देव यिर्मयाकडून खास एबद-मलेखासाठी निरोप देतो. ज्या माणसांची तुला भीती वाटते त्यांच्या हाती मी तुला देणार नाही, तुझा जीव तुला मिळेल.

"मोठ्याने वाच," काका म्हणाले. मी वाचलं. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि म्हणाले, "अजून एकदा."