चार लॉट आणि पस्तीस क्विंटल

हिंगणघाटपासून अर्ध्या तासावर आमचं गाव. मी काय करतो असं कोणी विचारलं तर गावातले लोक सांगतात, "तो मोबाईलवर सट्टा खेळते." बाबा पाहुण्यांना "शेती अन् कॉम्प्युटरचं काम" असं सांगायचे. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

4 जून 2024, मंगळवार. लोकसभेची मतमोजणी. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी 733 अंक चढून 23,263 वर बंद झाला होता. त्या गर्दीत मीही 22,500 चे पुट विकून बसलो होतो. चार लॉट, म्हणजे चार गठ्ठे; तेव्हा 25 चा लॉट होता, म्हणजे शंभर पुट. एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपणार, गुरुवारची. पुट विकणं म्हणजे पीकविमा कंपनी होणं: हप्ता, म्हणजे प्रीमियम, आधी खिशात पडतो; गारपीट झाली, म्हणजे निफ्टी 22,500 च्या खाली गेला, की भरपाई आपण द्यायची. हप्ता होता दहा हजारांच्या आतला. आभाळ निरभ्र होतं, म्हणून घेतला.

कपाटाच्या दाराला आतून माझ्याच अक्षरातला एक कागद चिकटवलेला आहे: "विकलेला प्रीमियम दुप्पट झाला की बाहेर. विचार करायचा नाही." साडेनऊ-दहाच्या आसपास तो दुप्पट झाला. मी विचार केला.

विचार असा की, सुरुवातीचे कल आहेत, फिरतील. एवढे सगळे एक्झिट पोल एकदम कसे चुकतील? टीव्ही ओसरीत, लॅपटॉप आतल्या खोलीत, आणि मी दोन्हींच्या मधल्या उंबरठ्यावर उभा. सत्ताधारी आघाडीचा आकडा बहुमताच्या 272 च्या पुढे जाऊन अडखळला की इकडे निफ्टी आणखी शंभर अंक खाली. कान गरम झाले होते. माझी खूण तीच आहे, आधी कान तापतात, मग तळहात ओले होतात, आणि मग मी स्क्रीनशी बोलायला लागतो. "थांब ना, थांब ना जरा." आई स्वयंपाकघरातून "कोनाशी बोलून राह्यला रे?" म्हणाली तेव्हा कळलं की मोठ्यानं बोलत होतो.

अकराला लाईन गेली. इन्व्हर्टर कुरकुरत होता म्हणून लॅपटॉप सोडून मोबाईल घेतला. टिनाच्या छपरीतलं जूनचं ऊन, वर नेट चालू, मोबाईलनं स्क्रीन मंद केली आणि तापल्याची सूचना दाखवली. मी ओला दुपट्टा त्याच्या पाठीला लावून बसलो, तापानं फणफणलेल्या पोराला लावतात तसा. तेवढ्या मिनिटांत मला आकडे दिसत नव्हते आणि खरं सांगतो, तेच सकाळपासूनचं पहिलं सुख होतं. त्यातच एक गोष्ट सुचली: नफा-तोट्याचा रकाना पाहायचाच नाही. परत दिसायला लागल्यावर मी तो भाग अंगठ्यानं झाकला आणि फक्त निफ्टी पाहिला. एकच प्रश्न विचारला, आज माझ्याकडे काहीच नसतं तर इथे पुट विकले असते का? नसते विकले.

तरी बटन दाबवेना.

बाबा शेतातून आले होते. रांजणातलं पाणी पिता पिता माझ्याकडे बघत होते. शेअर बाजारातलं त्यांना काही कळत नाही, पण थांबून बसलेला माणूस कळतो. 2022 मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला, म्हणून पुढच्या हंगामात त्यांनी पस्तीस क्विंटल कापूस घरात भरून ठेवला होता. भाव येईल, भाव येईल. पुढच्या खोलीत छतापर्यंत गंजी. उन्हाळा लागला तशी घरादाराला खाज सुटली, आईच्या हातांवर पुरळ उठले. शेवटी पाऊस तोंडावर आला तेव्हा सात हजारांच्या आसपास विकला. तेव्हा मी बाबांना मोठ्या तोऱ्यात "स्टॉप-लॉस", म्हणजे ठरवलेल्या तोट्याला बाहेर पडणं, समजावलं होतं.

त्यांनी ते काढलं नाही. एवढंच विचारलं, "किती राह्यला?"

"सगळाच आहे, बाबा."

"मंग इकून टाक ना. अर्धा तरी."

दोन लॉट काढले, म्हणजे विकलेले पुट महागात परत घेतले. हात मोकळा झाला तसे उरलेले दोनही. बारा वाजून गेले होते. आलेला हप्ता वजा करून तोटा निघाला सुमारे 92 हजार. दहाला कागदाचं ऐकलं असतं तर दहा हजारांच्या आत भागलं असतं. त्या दुपारी निफ्टी 21,281 पर्यंत गेला आणि 21,884 वर बंद झाला. एका दिवसात जवळजवळ सहा टक्के.

पण त्या दिवसाची खरी धोक्याची वेळ यानंतरची होती. बाहेर पडल्यावर पाचच मिनिटांत डोक्यात आलं, आता उलटा फिरेल, बाजार चढला की फायदा देणारे कॉल घेऊ, निम्मं तरी निघेल. हे सुचतं तेव्हा ते अक्कल वाटते, राग वाटत नाही. अ‍ॅप उघडलं की दहापैकी नऊ जण तोट्यात जातात अशी पाटी येते, ती मी रोज एसटीतल्या पाटीसारखी न वाचता पुढे सारतो. त्या दिवशी पुन्हा उघडणारच होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "चाल, बियानं आनू." मोबाईल चार्जिंगला लावून आईकडे दिला आणि गाडी काढली.

कृषी केंद्रासमोर रांग होती. आमच्या धंद्यात तोट्याचा हिशोब सामानात करू नये म्हणतात. मी रांगेत उभ्या उभ्या तोच केला. कपाशीचं पाकीट 864 रुपयांचं, म्हणजे 106 पाकिटं. एकरी दोन धरली तर 53 एकर. आमची जमीन सहा एकर.

बुधवारी निफ्टी 735 अंक वर आला. गुरुवारी आणखी चढला आणि मी विकलेला, मग रडत परत घेतलेला तो 22,500 चा पुट शून्य होऊन संपला. नुसता बसून राहिलो असतो तर पूर्ण हप्ता माझा होता. मंगळवारी रात्री मला झोप लागली होती, गुरुवारी लागली नाही. कपाटावरचा कागद दोनदा फाडायला उठलो. त्या साडेबाराला कोणाला काय माहीत होतं, हे मनाला शंभरदा सांगितलं. मन ऐकत नव्हतं.

त्याच संध्याकाळी बाबा वट्ट्यावर बियाण्याची पाकिटं मोजत होते, मृग तोंडावर आलेला. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मंग, भाव आला का परत?"

"नाही आला," मी म्हणालो.